मनीऑर्डर, ड्राफ्ट, चेक : नावावर जाऊ नका, कागद वाचा

एका परदेशी संस्थेच्या अर्जावर एकदा एक ओळ वाचली, ‘शुल्क मनीऑर्डरने भरावे, वैयक्तिक चेक चालणार नाही’, आणि मला हसू आलं. मनीऑर्डर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दारात उभा राहिलेला पोस्टमन येतो. हातात लांबट फॉर्म, सही कुठे करायची ते दाखवणारं बोट आणि मग मोजून दिलेल्या नोटा. आता तिकडच्या साहेबांच्या टेबलापाशी जाऊन पोस्टमन नोटा मोजणार की काय? थोडी चौकशी केल्यावर उलगडा झाला. ते लोक ज्याला मनीऑर्डर म्हणतात तो नुसता एक कागद असतो. पैसे देऊन तो विकत घ्यायचा, त्यावर समोरच्याचं नाव लिहायचं आणि पाकिटात घालून आपणच पाठवायचा. पैसे घेऊन कुणी कुणाच्या दारात जात नाही.

शब्द तोच, वस्तू वेगळी. पैशाच्या कागदांत नवखा माणूस अडखळतो तो इथे. चेक, ड्राफ्ट, पे ऑर्डर, मनीऑर्डर, पोस्टल ऑर्डर, हुंडी, वचनचिठ्ठी ही नावं पाठ करून फार उपयोग होत नाही, कारण देश बदलला की नाव दुसऱ्याच कागदाला चिकटतं. त्यापेक्षा कागद हातात आला की त्याला ठरावीक प्रश्न विचारायची सवय लावावी. पहिलं चेकबुक हाती आलं असेल, परदेशी शिकायला किंवा नोकरीला जायचं असेल, किंवा एखाद्या संस्थेचे हिशेब अचानक अंगावर पडले असतील, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने वाचा. दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. घाई असेल तर निदान ती सोडू नका.

पहिली पायरी : हा हुकूम आहे की वचन?

पैशाचा कुठलाही कागद या दोनांपैकी एक असतो. हुकूम म्हणजे ‘अमक्याला इतके पैसे दे’. यात तिघे असतात : सांगणारा, देणारा आणि घेणारा. चेक हा खातेदाराने आपल्या बँकेला केलेला हुकूम. हुंडी हा एका व्यापाऱ्याने दुसऱ्या गावच्या आडत्याला केलेला हुकूम. मनीऑर्डरच्या तर नावातच ऑर्डर आहे. आपल्या शासकीय मराठीने चेकला ‘धनादेश’ हा छान शब्द दिला, धन अधिक आदेश. काटेकोर भाषांतर करायचं तर तो मनीऑर्डरला द्यायला हवा होता, पण चेकने तो आधी पटकावला आणि मनीऑर्डर मराठीतही मनीऑर्डरच राहिली. डिमांड ड्राफ्टला ‘धनाकर्ष’ म्हणतात. हा शब्द फॉर्मवर भेटतो, काउंटरवर क्वचितच. तिथे ‘डीडी’ म्हणा.

वचन म्हणजे ‘मी इतके पैसे देईन’. इथे दोघेच : देणारा आणि घेणारा. वचनचिठ्ठी, म्हणजे प्रॉमिसरी नोट, हे त्याचं साधं रूप. कर्जरोखा हेही वचनच. आणि खिशातली नोट? तीसुद्धा. दहा रुपयांपासून पुढच्या कुठल्याही भारतीय नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आणि धारकाला रक्कम अदा करण्याचं वचन छापलेलं असतं. एक रुपयाच्या नोटेवर मात्र हे वचन नसतं. ती नोट भारत सरकार काढतं, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते, आणि कायद्याच्या नजरेत ती नोट नाही, नाणं आहे. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेवरही वचन छापलेलं आहे. अमेरिकन डॉलरवर वचन नाही. ‘सर्व सार्वजनिक व खासगी देण्यांसाठी ही नोट कायदेशीर चलन आहे’ एवढंच निवेदन आहे. (भारतीय नोट हातात आलीच असेल तर मागच्या बाजूचा पंधरा भाषांचा पट्टा बघा. मराठी आठव्या ओळीत आहे. या लेखाशी संबंध नाही, पण बघा.)

हुकूम की वचन हे ओळखल्याने काय मिळतं? पैसे अडले तर कुणाला धरायचं ते कळतं. वचन मोडलं तर वचन देणाऱ्याला धरायचं. हुकूम पाळला गेला नाही तर मात्र आधी विचारावं लागतं की चूक सांगणाऱ्याची की देणाऱ्याची. चेक न वटण्याच्या सगळ्या भांडणांचं मूळ या प्रश्नात आहे.

भारतात वचनचिठ्ठी लिहून घ्यायची वेळ आली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘ही चिठ्ठी जो आणील त्याला मागताक्षणी पैसे देईन’ असं खासगी माणसाला लिहिता येत नाही. मागताक्षणी कुणालाही देय असलेलं वचनपत्र काढण्याचा हक्क रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांनाच आहे. साहजिक आहे, नाहीतर प्रत्येकाने घरच्या घरी नोटा छापल्या असत्या. म्हणून चिठ्ठीवर घेणाऱ्याचं नाव हवंच.

दुसरी पायरी : पैसे आधी भरलेत की अजून भरायचेत?

हुकूम फुकट देता येतो. खात्यात शंभर रुपये असताना लाखाचा चेक लिहायला कुणी हात धरत नाही. म्हणून कागद हातात आला की नाव न वाचता आधी हे विचारा : या कागदामागचे पैसे कुणी, कुठे, आधीच मोजून ठेवलेत का?

चेकमागचे पैसे कुणी मोजून ठेवलेले नसतात. चेक वटेल तेव्हा खात्यात असले तर असले. मनीऑर्डरमागचे पैसे विकणाऱ्याने आधीच रोख घेतलेले असतात. डिमांड ड्राफ्टमागचे पैसे बँकेने ग्राहकाच्या खात्यातून कापून स्वतःकडे घेतलेले असतात. म्हणूनच अनोळखी माणसाकडून चेक घेत नाहीत, ड्राफ्ट घेतात. मला शुल्क मागणाऱ्या त्या संस्थेचंही हेच म्हणणं होतं : तुमच्या खात्यात काय आहे ते आम्हाला माहीत नाही, तेव्हा आधी भरलेल्या पैशाचा कागद पाठवा. मनीऑर्डर हे त्या वर्गातलं त्यांच्याकडचं सर्वांत सोपं नाव, एवढंच.

ही कल्पना कुठून आली तेही बघण्यासारखं आहे. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये टपालातून नोटा पाठवणं म्हणजे चोराला आमंत्रण होतं. लोक नोट मधोमध कापत. अर्धी आज पाठवायची, ती पोचल्याचं कळलं की उरलेली अर्धी पाठवायची. १७९२ मध्ये तिथल्या काही टपाल कारकुनांनी स्वतःच्या जबाबदारीवर एक खासगी धंदा सुरू केला : पैसे इथे भरा, चिठ्ठी घ्या, तिकडे आमचा माणूस देईल. पाकिटात पैसे नाहीतच, तर चोरणार काय? १८३८ मध्ये टपाल खात्याने हा धंदा स्वतःकडे घेतला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, सैनिकांना पगार घरी सुखरूप पाठवता यावा म्हणून, १ नोव्हेंबर १८६४ ला टपालाची मनीऑर्डर सुरू झाली. भारतात टपाल खात्याने हे काम १८८० मध्ये हाती घेतलं.

इथे फाटा फुटला. अमेरिकेत चिठ्ठी ग्राहकाच्या हातात राहिली आणि मनीऑर्डर ही ‘वस्तू’ झाली. भारतात फॉर्म आणि पैसे दोन्ही टपाल खात्याने घेतले, पैसे घरपोच दिले, आणि मनीऑर्डर ही ‘सेवा’ झाली. आपल्या फॉर्मला दोन शेपट्या होत्या. एक पावतीची : घेणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा आणि ती परत पाठवणाऱ्याकडे यायची. दुसरी संदेशाची : चार ओळी लिहिण्यापुरती जागा, ती घेणाऱ्याकडे राहायची. वेगळं पत्र न लिहिणाऱ्या कितीतरी माणसांची खुशाली त्या चार ओळींत मावली आहे. पुढे तो फॉर्म हातोहात जायचा थांबला, मजकूर संगणकावरून जाऊ लागला आणि ‘ई-मनीऑर्डर’ हे नाव आलं. अमेरिकेच्या टपालाची कागदी मनीऑर्डर मात्र आजही खिडकीवर विकत मिळते. एका कागदाची कमाल मर्यादा १,००० डॉलर, आणि ती क्रेडिट कार्डावर घेता येत नाही.

आधी भरलेल्या पैशाच्या या कुळात बरीच भावंडं आहेत, आणि नावांचा खरा गोंधळ इथेच आहे.

पोस्टल ऑर्डर ब्रिटनमध्ये १८८१ मध्ये निघाली. मनीऑर्डर, कमाल मर्यादेच्या आत, हव्या त्या रकमेची लिहून मिळते. पोस्टल ऑर्डर मुळात ठरावीक छापील किमतींची. छोट्या शुल्कांसाठी सोयीची. भारतात माहिती अधिकाराच्या अर्जाबरोबर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडणाऱ्यांना ती चांगलीच ओळखीची आहे.

डिमांड ड्राफ्ट, भारतीय अर्थाने, म्हणजे बँकेच्या एका शाखेने आपल्याच दुसऱ्या शाखेवर काढलेला हुकूम. पे ऑर्डर किंवा बँकर्स चेक म्हणजे बँकेने स्वतःवरच काढलेला. ब्रिटनमध्ये याला बँकर्स ड्राफ्ट म्हणतात, कॅनडात बँक ड्राफ्ट, अमेरिकेत कॅशियर्स चेक. यांचा स्वभाव एकच : पैसे द्यायची जबाबदारी आता बँकेची. पण अमेरिकेत जाऊन ‘डिमांड ड्राफ्ट देतो’ असं म्हणालात तर समोरचा जरा सावध होईल. तिकडे त्या शब्दाचा एक अर्थ ‘खातेदाराच्या सहीशिवाय, नुसत्या खाते क्रमांकावर बनवलेला चेक’ असा आहे, आणि त्या कागदाने बऱ्याच लोकांना फसवलेलं आहे. आपल्याकडे सगळ्यात भरवशाचा मानलेला शब्द तिकडे संशयाचा. म्हणून शब्द सांगू नका, काम सांगा : ‘पैसे आधी घेऊन बँकेने स्वतःवर काढलेला चेक हवा आहे.’ कुठल्याही देशातल्या काउंटरवरचा माणूस बरोबर फॉर्म पुढे करतो.

सर्टिफाइड चेक हा साधा चेक आणि ड्राफ्ट यांच्या मधला. चेक खातेदाराचाच, पण बँकेने रक्कम बाजूला ठेवून त्यावर शिक्का मारलेला. ट्रॅव्हलर्स चेक प्रवाशांसाठी. अमेरिकन एक्स्प्रेसने तो १८९१ मध्ये आणला. युक्ती साधी : घेताना एक सही, वटवताना समोरच्याच्या देखत दुसरी, दोन्ही जुळल्या की पैसे. कार्डांनी तो जवळजवळ संपवला. जुन्या कपाटात एखादा सापडला तर टाकू नका, काढणाऱ्या कंपनीकडे चौकशी करा.

भारतात ड्राफ्ट काढायला जाताना दोन नियम माहीत असू द्या. पन्नास हजार किंवा त्याहून जास्तीचा ड्राफ्ट रोख पैशावर मिळत नाही. रक्कम खात्यातून वळती व्हावी लागते. आणि सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्ट काढणाऱ्याचं नावही ड्राफ्टवर छापलेलं असतं. अमेरिकेत एका दिवसात ३,००० डॉलर किंवा अधिक रकमेच्या मनीऑर्डरी रोखीने घेतल्यात तर ओळखपत्र दाखवून फॉर्म भरावा लागतो. हे टाळायला रकमेचे तुकडे करून वेगवेगळ्या खिडक्यांवर जाण्याची कल्पना काहींना सुचते. ती सुचू देऊ नका; तिकडे तसं करणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

तिसरी पायरी : कुणाला मिळणार?

कागदावर ‘धारकास’ असेल तर जो आणील त्याला पैसे. नाव आणि ‘किंवा आदेशानुसार’ असेल तर त्या माणसाला, किंवा तो मागे सही करून ज्याच्या हवाली करील त्याला. भारतात आणि ब्रिटनमध्ये चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारल्या की तो ‘क्रॉस’ होतो. मग रोख मिळत नाही, पैसे खात्यातच जमा होतात. ‘अकाउंट पेयी’ लिहिलंत तर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात.

या रेघांवर आपला इतका भरवसा असतो की परदेशातही हात आपोआप रेघा मारतो. अमेरिकेत त्यांना काही अर्थ नाही. तिथे आलेल्या चेकच्या मागे सही करताना वर ‘फक्त खात्यात जमा करण्यासाठी’ या अर्थाची इंग्रजी ओळ लिहायची रीत आहे, आणि ही ओळ आपण, म्हणजे घेणाऱ्याने लिहायची असते. देणाऱ्याच्या रेघांचं काम तिथे घेणाऱ्याच्या ओळीने होतं.

हुंडीच्या काळात यासाठी आपले स्वतःचे शब्द होते आणि ते कमालीचे नेमके होते. ‘धनीजोग’ हुंडी धन्याला, म्हणजे जो मालक असेल त्याला देय. ‘शाहजोग’ हुंडी फक्त शाहाला, म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसाला देय; चोराने पळवली तरी ती वटवायला त्याला एक प्रतिष्ठित सावकार गाठावा लागणार. तिरक्या रेघांनी जे साधतं ते पेढ्यांनी ‘शाहजोग’ या एका शब्दाने साधलं होतं. आणि ‘जोखमी’ हुंडी तर कागदावरचा विमाच. माल सुखरूप पोचला तर पैसे, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली.

अमेरिकेतली कोरी मनीऑर्डर म्हणजे रोख रक्कम. विकत घेतल्याबरोबर, खिडकीपासून हलण्याआधी, घेणाऱ्याचं नाव लिहा. ‘घरी जाऊन नीट अक्षरात लिहू’ म्हणत ती पिशवीत ठेवू नका. नाव समोरच्याच्या खात्यावर जसं आहे तसंच लिहा, घरात ज्या नावाने हाक मारतात ते नाही.

चौथी पायरी : कधी मिळणार आणि कधीपर्यंत?

मागताक्षणी देय कागदाला जुन्या भाषेत ‘दर्शनी’ म्हणत. दाखवला की पैसे. ठरलेल्या दिवसांनी देय तो ‘मुदती’. आजची बिल ऑफ एक्स्चेंज म्हणजे विनिमयपत्रं, हुंडीचीच भावंडं, याच दोन जातींची असतात. भारतातल्या १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानुसार मुदती कागदाला ठरलेल्या तारखेनंतर आणखी तीन दिवसांची सवलत मिळते. कायद्याचं मराठी नाव तोंडात बसत नाही. वकीलही ‘एनआय अॅक्ट’ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) म्हणतात, तुम्हीही म्हणा.

भारतात चेक, ड्राफ्ट आणि पे ऑर्डर १ एप्रिल २०१२ पासून फक्त तीन महिने चालतात. त्याआधी सहा महिने चालत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात अजून सहाच असतात, त्यामुळे त्यांच्याकडचे चेक आधी तपासा. अमेरिकेत सहा महिन्यांपेक्षा जुना चेक द्यायला बँक बांधील नाही. अमेरिकी टपालाच्या मनीऑर्डरला मुदतच नाही.

पुढच्या तारखेचा चेक हा इथला आणखी एक सापळा. भारतात पंधरा तारखेचा चेक बँक दहा तारखेला वटवत नाही. अमेरिकेत खातेदाराने बँकेला आधी कळवलेलं नसेल तर ती वटवू शकते. नवीन जागेचं भाडं म्हणून पुढच्या महिन्यांच्या तारखांचे चेक देऊन निवांत झोपणारा माणूस तिकडे सकाळी खात्यातला खडखडाट पाहून जागा होतो. तारीख लिहिताना तर आणखी जपा. ०३/०४ हे आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. महिना अक्षरांत लिहिला की भांडण मिटलं.

पाचवी पायरी : लिहिणं

रक्कम दोनदा लिहितात, आकड्यात आणि अक्षरी. दोन्ही जुळली नाहीत तर भारत, ब्रिटन, अमेरिका तिन्हीकडचा कायदा अक्षरांची बाजू घेतो. पण प्रत्यक्षात बँक असला कागद परत करण्याची शक्यता जास्त, तेव्हा कायद्याच्या भरवशावर बसू नका. अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितात ते शोभेसाठी नाही. ‘पाच हजार’ च्या पुढे कुणी ‘सातशे’ जोडू नये म्हणून ते कुंपण आहे. आकड्याच्या आधीही मोकळी जागा सोडू नका. एकाचे अकरा करायला एक रेघ पुरते. भारतात चेकवर खाडाखोड चालत नाही. नुसती सही करून दुरुस्ती पास होण्याचे दिवस गेले. चुकला की फाडा, नवा घ्या.

परदेशी कागदावर आपला स्वल्पविराम घात करतो. १,००,००० असं लिहिलेलं पाहून तिकडचा कारकून चक्रावतो, आणि जर्मनीसारख्या देशांत तर अपूर्णांकासाठीच स्वल्पविराम वापरतात, हजारांसाठी टिंब. लाख-कोटी शब्दही घरी ठेवून जा.

सहावी पायरी : अर्धुक जपा

मनीऑर्डरीची पावती, चेक फाडल्यावर चेकबुकात उरणारं अर्धुक, ड्राफ्टचा फोटो. तीनही ठेवा, समोरच्याला पैसे पोचल्याची खात्री होईपर्यंत. अनुक्रमांक नसेल तर हरवलेल्या मनीऑर्डरीचा माग लागत नाही. चेक हरवला तर बँकेला ‘स्टॉप पेमेंट’ सांगता येतं. ड्राफ्ट तसा सहज थांबत नाही, कारण पैसे द्यायची जबाबदारी आता बँकेची आहे. नुकसानभरपाईचा हमीपत्र-कागद लिहून देऊन दुसरी प्रत मागावी लागते. हुंडी हरवली तर पेढीवाले ‘पेठ’ काढत, तीही हरवली तर ‘परपेठ’. पैसे देऊन झालेल्या, रद्द केलेल्या हुंडीला ‘खोका’ म्हणत. मुंबईच्या बोलीत ‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोटी. हुंडीच्या बाजारात मात्र खोक्याची किंमत शून्य.

सातवी पायरी : आलेला कागद खरा आहे का?

इथपर्यंत आपण देणारे होतो. आता घेणारे होऊ, कारण फसतात ते बहुतेक घेणारे.

दुसऱ्या पायरीत म्हटलं की कॅशियर्स चेक आणि मनीऑर्डर भरवशाचे. ठकांनाही हे माहीत आहे, म्हणून खोटे चेक बनवायचे तर ते याच नावाचे बनवतात. ठरलेला डाव असा : तुम्ही काहीतरी विकायला काढलंय. गिऱ्हाईक ठरल्यापेक्षा जास्तीचा कॅशियर्स चेक पाठवतो. ‘चुकून जास्त गेले, वरचे मला परत पाठवा ना.’ तुम्ही चेक भरता, दुसऱ्या दिवशी खात्यात रक्कम दिसते, तुम्ही वरचे पैसे प्रामाणिकपणे परत करता. दोन आठवड्यांनी चेक खोटा निघतो आणि बँक पूर्ण रक्कम तुमच्याकडून वसूल करते. अमेरिकेत बँकांना चेकची रक्कम ठरावीक दिवसांत ग्राहकाला वापरू द्यावी लागते, चेक खरोखर वटण्याची वाट न पाहता. त्या फटीत हा सगळा धंदा चालतो. खात्यात ‘दिसणं’ आणि चेक ‘वटणं’ या दोन वेगळ्या घटना आहेत. काउंटरवर विचारताना ‘पैसे आले का?’ असं विचारू नका, ‘चेक वटला का, आणि आता तो परत येऊ शकतो का?’ असं विचारा.

जास्तीची रक्कम पाठवून फरक परत मागणारा गिऱ्हाईक प्रामाणिक असल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. चेक जसाच्या तसा परत करावा, बरोबर रकमेचा मागावा. प्रामाणिक असला तर रागावणार नाही.

अमेरिकी टपालाची मनीऑर्डर उजेडासमोर धरली तर बेंजामिन फ्रँकलिनचा चेहरा वरून खाली पुनःपुन्हा दिसतो आणि एक सुरक्षा धागा दिसतो. रकमेभोवतीचा रंग उडालेला असेल तर कुणीतरी खोडलंय. खात्री करायला काढणाऱ्या संस्थेला फोन करायचा असेल तर क्रमांक स्वतः शोधा. कागदावर छापलेला क्रमांक ठकाच्याच टेबलावर वाजू शकतो.

भारतात खात्यात पुरेसे पैसे नाहीत म्हणून चेक परत आला तर एनआय अॅक्टचं कलम १३८ लागू होतं. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्यासाठी बँकेकडून परतीचा मेमो आल्यावर तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ‘देतो म्हणालाय, थांबू जरा’ करण्यात ते दिवस उडून जातात.

आठवी पायरी : कागदच नसेल तेव्हा

आता बहुतेक हुकूम कागदाशिवाय जातात, पण जुने प्रश्न लागू पडतात. बँकेतले जुने लोक परदेशी रकमेला अजून ‘टीटी’ म्हणतात, म्हणजे तारेने पाठवलेली. तारखातं बंद झालं, शब्द राहिला. अमेरिकेतही ‘वायर’ म्हणतात ते याच तारेवरून. वेस्टर्न युनियन १८७१ पासून तारेने पैसे पाठवत होती. भारतात खात्यापर्यंत पोचायला आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, लागतो : अकरा अक्षरं, पाचवं नेहमी शून्य. (ओ नाही, शून्य. अर्धे अडलेले व्यवहार इथे अडतात.) परदेशासाठी बँकेचा स्विफ्ट कोड, आठ किंवा अकरा अक्षरांचा, युरोपात सोबत आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक.

मोबाइलवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. पिन टाकणं म्हणजे हुकूम देणं. ‘पैसे मिळवायला पिन टाका’ असं कुणी सांगितलं तर पहिली पायरी आठवा : हुकूम कोण देतंय?

राहता राहिली हुंडणावळ. जुन्या मराठीतला हा शब्द आता चलनबदलाच्या दरासाठी फारसा कुणी वापरत नाही, पण त्याच्या शेपटात खर्च लपलेला आहे हे तो उघड सांगतो. सावकार कागद मुदतीआधी वटवताना कापून घ्यायचा ती वटणावळ; परगावच्या किंवा परदेशच्या पैशासाठी द्यावी लागायची ती हुंडणावळ. आज जाहिरातीत ‘शुल्क शून्य’ लिहिलेलं असतं आणि हुंडणावळ दरात मुरवलेली असते. म्हणून पैसे पाठवण्याआधी शुल्क विचारत बसू नका. एकच प्रश्न विचारा : माझ्या खात्यातून इतके गेले तर समोरच्याच्या हातात, त्याच्या चलनात, नेमके किती पडतील? मधल्या बँकेने कापून घेतलेले धरून. उत्तर आकड्यात मिळालं तर ते लिहून घ्या, दोन ठिकाणी विचारा, आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडून पाठवा.